पडक्या भिंती आणि चित्राबाहेरची माणसे

काही वर्षांपूर्वी चित्रकलेच्या एका महाविद्यालयातील दहा-बारा मुलेमुली निसर्गचित्रणासाठी फोंडाघाटला आली होती. घाट, धुके, नदी, कौलारू घरे हे सारे त्यांनी दोन दिवसांत रंगवून संपवले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना गावाबाहेरच्या पीरसाहेबांच्या जागेकडे नेले. जागा म्हणजे जांभ्याच्या चार भिंती, त्यांतली एक कंबरेएवढीच उरलेली. छप्पर नाही. आत एक मजार, आणि वडाची मुळी भिंतीच्या सांध्यात शिरून चिरे बाजूला सारते आहे. मुलांना हवे होते ते नेमके मिळाले. बोर्ड मांडले गेले, पाण्याचे डबे भरले गेले.

इतक्यात शेजारच्या वाडीतली एक म्हातारी तेलाची वाटी घेऊन आली. कुळवाडी बाई, गुरुवारचा दिवा लावायला आलेली. तिने आधी आतली जागा झाडली, दिवा लावला आणि हात जोडून बसून राहिली. एका मुलाने अदबीनेच विचारले, "आजी, जरा बाजूला बसता का? चित्रात येताय." ती मान न वळवता म्हणाली, "थांबा रे बाबांनू, माजां होवंदे." मुले थांबली. ती गेल्यावर रंगवायला बसली.

संध्याकाळी शाळेच्या पडवीत सगळी चित्रे मांडली होती. आम्ही ती सावकाश पाहिली. हात चांगले होते. ओल्या जांभ्याचा तांबूसपणा दोघा-तिघांना तर फारच छान साधला होता. पण एकाही चित्रात दिवा नव्हता. झाडलेली जमीनही नव्हती. त्याऐवजी चार-पाच चित्रांत मजारीभोवती गुडघाभर गवत उगवले होते, जे तिथे त्या दिवशी नव्हतेच.

मुलांवर आमचा राग नाही. पडकी धर्मवास्तू कशी दिसावी हे त्यांनी फोंडाघाटला येण्यापूर्वीच शिकून ठेवले होते. तो धडा जुना आहे, आणि तो दुसऱ्यांच्या देशात तयार झाला. वेल्सच्या सीमेवर वाय नदीच्या काठी टिंटर्न नावाचा ख्रिस्ती मठ आहे. १५३६ साली आठव्या हेन्रीच्या अमदानीत तो बंद झाला, साधूंना बाहेर काढले गेले, छपरावरचे शिसे उतरवून नेले गेले. सव्वादोनशे वर्षांनी त्याच उघड्या भिंतींवर वेली चढल्यावर लोक त्या पाहायला नावेतून जाऊ लागले. विल्यम गिल्पिन नावाचा एक पाद्री १७७० मध्ये तिथे गेला आणि १७८२ मध्ये त्याने त्या प्रवासाचे पुस्तक छापले. निसर्गदृश्य कसे पाहावे हे शिकवणारे ते त्या काळचे मोठे गाजलेले पुस्तक. मठाच्या त्रिकोणी भिंती त्याला फार सरळ आणि नीटस वाटल्या. कुणी विचारपूर्वक हातोडा चालवून त्या थोड्या फोडल्या तर दृश्य सुधारेल, असे त्याने चक्क लिहिले आहे. आणि इतके धाडस कोण करील, अशी शंकाही. त्याच पुस्तकात तो सांगतो की मठाच्या आडोशाला गोरगरीब झोपड्या घालून राहत होते. एका अपंग बाईने साधूंचे ग्रंथालय दाखवते म्हणून त्याला आत नेले, तर ती तिची स्वतःचीच ओल आलेली खोली निघाली. गिल्पिनने हे प्रामाणिकपणे नोंदवले, पण त्याने घालून दिलेल्या चित्राच्या नियमांत त्या बाईला जागा मिळाली नाही. पुढे टर्नरसारख्या थोर चित्रकाराने टिंटर्न रंगवले आणि पडका मठ हा निसर्गचित्राचा मानाचा विषय होऊन बसला.

याहून बोलके उदाहरण हॉलंडमधले आहे. याकोब फान रोइसडाल या चित्रकाराने १६५० नंतरच्या काही वर्षांत 'ज्यूंचे कब्रस्तान' या विषयाची दोन चित्रे काढली. एक आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहे, दुसरे अमेरिकेत डेट्रॉइटला. काळवंडलेले आभाळ, वठलेले झाड, खळाळता ओढा, मागे भग्न इमारत आणि समोर पांढऱ्या संगमरवरी कबरी. या कबरी खऱ्या आहेत. अॅमस्टरडॅमजवळच्या औडरकेर्क गावी त्या आजही दाखवता येतात. स्पेन-पोर्तुगालमधून छळ सोसून आलेल्या ज्यू घराण्यांनी १६१४ मध्ये ते कब्रस्तान घेतले होते. चित्र काढले तेव्हा तिथे दफने होत होती, वारस येऊन जात होते, कबरींवरची अक्षरे ताजी होती. मग मागची भग्न इमारत कुठून आली? ती एग्मंड या दुसऱ्याच गावच्या अवशेषांवरून उचललेली आहे, आणि दोन चित्रांत ती दोन तऱ्हांची आहे. ओढा आणि चढउतारही चित्रकाराच्या मनातले. औडरकेर्कची जमीन सपाट. म्हणजे पन्नास वर्षेही पुरती न झालेले, नांदते कब्रस्तान रोइसडालने घेतले आणि त्याला शतकांची पडझड बहाल केली. चित्र महान आहे यात वाद नाही. आम्हांला एवढेच दिसते की जमिनीवर जे पडले नव्हते ते चित्रात आधीच पडले. औडरकेर्कला निर्वासितांच्या पोरांनी आपल्या आईबापांना पुरले होते, आणि चित्र पाहणाऱ्याला मात्र ती जमात केव्हाच संपली असे वाटते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. थॉमस डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम हे १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानभर फिरले आणि १७९५ ते १८०८ या वर्षांत त्यांनी 'ओरिएंटल सीनरी' या नावाने १४४ रंगीत छापचित्रे काढली. मशिदी, मकबरे, देवळे, लेणी, घाट, सारे त्यात आहे. इमारतींच्या बाबतीत ते काटेकोर होते आणि त्यांच्या चित्रांवरून आज कित्येक वास्तूंचे गेलेले भाग कळतात. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांनी माणसे गाळली असेही नाही. माणसे आहेत. कमानीखाली एक, झाडाखाली दोन, हत्तीवर एक. पण बहुधा ती कमान किती उंच आहे हे कळावे म्हणून उभी केलेली आहेत. सजद्यात वाकलेला माणूस किंवा वजूला बसलेला माणूस शोधायला गेलो तर नजर बराच वेळ भटकते.

विजापूरचे तर पुसूच नका. आमच्या कोकणातल्या खारेपाटण, राजापूर, दाभोळ या बंदरांचा माल घाट चढून ज्या आदिलशाहीकडे जाई तिची ही राजधानी. १६८६ मध्ये औरंगजेबाने ती घेतली आणि शहराची कळा उतरली. इंग्रज आले तेव्हा त्यांना घुमटांचे रान दिसले, आणि त्यांनी विजापूरला 'दख्खनचे पाल्मायरा' असे नाव देऊन टाकले. १८६६ मध्ये मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा विजापूरच्या वास्तूंवरचा भव्य ग्रंथ आला, त्यात आराखडे आणि छायाचित्रे आली. पुढे कॅलेंडरवाले, पोस्टकार्डवाले, पर्यटनखाते, सर्वांनी तोच कित्ता गिरवला. यात एक गंमत आहे. विजापूरचे सगळ्यात लाडके भग्नचित्र म्हणजे बारा कमान. काळ्या दगडाच्या रिकाम्या कमानी, मागे तांबडे आभाळ. पाहणारा उसासा टाकतो की कसे वैभव कोसळले! पण ती इमारत कोसळलेलीच नाही. दुसऱ्या अली आदिलशहाचा तो मकबरा अर्धाच बांधून झाला होता. १६७२ मध्ये सुलतान वारला आणि काम राहिले ते राहिले. अर्धवट बांधकामाला चित्राने पडझडीचा मान दिला. याउलट तिथून जवळच असलेल्या जामा मशिदीत आजही नमाज होते. जमिनीवर सव्वादोन हजार मुसल्ल्यांच्या जागा आखलेल्या आहेत. चित्रवाल्यांचे पाय मात्र बारा कमानीकडेच वळतात, कारण तिथे चपला काढून ठेवलेल्या माणसांची अडचण होत नाही.

रिकामी म्हटलेली वास्तू मग कुणीही वापरावी. विजापूरला जिल्ह्याचे ठाणे आल्यावर एका मशिदीत डाकघर थाटले गेले, दुसरीत डाकबंगला. लॉर्ड कर्झनने ती बिऱ्हाडे हलवली हे त्याच्या नावावर जमा. चित्र आणि कचेरी यांचा थेट संबंध लावणे अतिशयोक्तीचे होईल. पण दोन्हींना तिथला नमाजी दिसला नव्हता, हे खरे.

कुणी म्हणेल, हा साहेबांचा दोष झाला, आपल्या लोकांनी काय केले? त्याचे उत्तर सर सय्यद अहमद खान यांच्या 'आसार-उस-सनादीद' या ग्रंथात आहे, आणि ते सरळ नाही. १८४७ मध्ये हे पुस्तक निघाले. दिल्लीतल्या जुन्या-पडक्या इमारतींची अशी नोंद उर्दूत पूर्वी कुणी केली नव्हती. फैज अली खान आणि मिर्झा शाहरुख बेग या चित्रकारांकडून सय्यदसाहेबांनी शंभरावर चित्रे करून घेतली. कुतुबमिनारावरचे वरचे लेख वाचण्यासाठी ते स्वतः टोपलीत बसून दोरांनी लोंबकळले, ही हकिकत त्यांच्या चरित्रात येते. आणि या पहिल्या आवृत्तीचे शेवटचे प्रकरण इमारतींवर नव्हतेच. ते दिल्लीच्या माणसांवर होते. सूफी, हकीम, आलिम, शायर, खुशनवीस, गवई. भिंतीही दिल्ली आणि ही माणसेही दिल्ली, असा तो हिशोब होता. १८५४ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. इंग्रज विद्वानांच्या सूचनांप्रमाणे तिची मांडणी अधिक शिस्तीची झाली, सनावळ्या तपासल्या गेल्या, भाषा साधी झाली. माणसांचे प्रकरण गळाले. तीन वर्षांनी १८५७ उजाडले आणि त्या प्रकरणातली दिल्ली खरोखरच उधळली गेली. विद्वत्तेच्या दृष्टीने दुसरी आवृत्ती सरस आहे असे जाणकार म्हणतात. आम्ही पहिलीच्या बाजूचे.

आपल्या परंपरेतही भग्नावशेषांकडे पाहण्याची एक रीत होतीच. इस्लामपूर्व अरब कवी कसिद्याच्या आरंभी प्रेयसीच्या उठून गेलेल्या तळापाशी थांबे. कुराण तर पुन्हा पुन्हा सांगते की जमिनीवर फिरा आणि पूर्वीच्या कौमांचे काय झाले ते पाहा. याला आपण इबरत म्हणतो. इबरत घेणारा माणूस पडक्या भिंतीसमोर स्वतःला उभा करतो. उद्या माझे काय, हा त्याचा प्रश्न. गिल्पिनच्या पठडीतला प्रवासी त्या भिंतीसमोर आपला कागद उभा करतो. दोघेही एकाच ठिकाणी थांबलेले असतात म्हणून आपण त्यांना एक समजतो.

आणि माणूस नसलेले चित्र म्हणजे मृत वास्तूचे चित्र, असेही नाही. दमास्कसच्या उमय्या मशिदीत आठव्या शतकाच्या आरंभी केलेले काचतुकड्यांचे काम आहे. सोनेरी पार्श्वभूमी, खाली वाहती नदी, थोराड झाडे आणि मधूनमधून मनोरे, घरे, कमानी. एकही माणूस नाही, जनावर नाही. ज्यांत जीव आहे ते चितारू नये, झाडे आणि निर्जीव वस्तू चितारायला हरकत नाही, या दंडकाला ते धरून आहे. पण त्या रिकाम्या घरांकडे पाहून कुणाला उदास वाटत नाही. कित्येक अभ्यासकांनी तिथे जन्नत पाहिली आहे. म्हणजे ती घरे कुणाच्या तरी येण्याची वाट पाहत आहेत, अशी ती रिकामी आहेत. चित्र हा विषय निघाला की आपल्याकडे काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की निसर्गचित्र हे तर आपल्या हाताला मोकळे असलेले, मशिदीच्या भिंतीवर मान मिळालेले चित्र आहे.

हा मोकळा हात मराठी मुलखात कुणी चालवला असेल तर आबालाल रहिमान यांनी. फोंडाघाट चढून दाजीपूर, राधानगरी करत आपण कोल्हापूरला पोचतो. त्या कोल्हापूरचे हे चित्रकार. घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने उतरवण्याचे काम होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते गावी परतले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केले, आणि १९३१ मध्ये वारेपर्यंत ते कोटितीर्थाच्या आसपास फकिरासारखे राहिले. महाराज गेल्यावर त्यांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात. ती दंतकथा बाजूला ठेवून टाउन हॉलच्या संग्रहालयात त्यांची उरलेली चित्रे पाहावीत. तळ्याचे पाणी, झाडांचे पुंजके, सकाळ-संध्याकाळचा उजेड. जिथे रोज उठून जायचे तीच जागा पुन्हा पुन्हा रंगवायची. कोल्हापूरच्या परिसरात जुन्या देवळांना, मठांना तोटा नाही. रंकाळ्यातला संध्यामठ पाणी चढले की अर्धा बुडतो, आणि पुढच्या चित्रकारांनी तो किती वेळा रंगवला असेल याला गणती नाही. आबालाल यांना पडझडीचे नाटक करायचे असते तर साहित्य हाताशी होते. त्यांना ते नको होते. आम्हांला वाटते याचे मूळ त्या घरच्या व्यवसायात आहे. कुराणाची प्रत करणाऱ्याला एक नुक्ता गाळण्याची मुभा नसते, आणि आपल्या पदरचा एक नुक्ता घालण्याचीही नसते. गवत नव्हते तिथे गवत काढायला त्या बोटांना जमले नसते. आणि हा मुसलमान चित्रकार ज्या तीर्थाच्या काठी बसून रंगवत होता तिथे महादेवाचे देऊळ होते. आमच्या पीरसाहेबांकडे दिवा घेऊन येणारी म्हातारी तरी कोण होती?

असो. इतरांच्या चित्रांवर इतके बोलल्यावर आपल्या घरात डोकावणे भाग आहे, आणि तिथे आम्हांला बोलायला जड जाते.

कोकणात पडझड टिकत नाही. विजापूरचा काळा दगड कोरड्या हवेत शतके उभा राहतो. इथे वासा कुजला, कौल सरकले, की चारदोन पावसाळ्यांत मातीचा गिलावा वाहून जातो आणि जांभ्यात मुळे शिरतात. शिवाय कोकणातली जुनी मशीद मुळी घुमटाची नव्हेच. दाभोळला १६५९-६० च्या सुमारास बांधलेली, घुमट आणि मनोऱ्यांची शाही मशीद आहे, पण ती विजापूरची पाहुणी. आपली मशीद म्हणजे उंच जोते, चिऱ्याच्या भिंती, लाकडी खांब, पुढे पडवी, बाजूला विहीर किंवा हौज आणि वर उतरते कौलारू छप्पर. गोव्यातल्या दुसऱ्या फोंड्याला १५६० ची म्हणून दाखवतात ती सफा मशीद पाहा. छप्पर उतरते कौलारू, शेजारी मोठे तळे. (दोन फोंड्यांच्या घोळात एकदा आमचा एक पाहुणा ती पाहायला थेट आमच्या दारात उतरला होता!) अशी मशीद लांबून घरासारखी दिसते, देवळासारखीही दिसते. म्हणून साहेबाच्या चित्रकाराला ती दिसली नाही आणि आपल्या चित्रकारांनाही दिसली नाही. निसर्गचित्रात ती असलीच तर 'कौलारू घर' म्हणून असेल.

आणि आपल्याला तरी दिसली का? घराघरांत मक्का-मदिन्याच्या तसबिरी, कॅलेंडरवर घुमट आणि मनोरे. मशीद म्हणजे असे चित्र डोळ्यांत बसले. मग आखातातून पैसा आला, जमातीत ठराव झाले, आणि गावोगावच्या कौलारू मशिदी उतरवून काँक्रीटचे घुमट उभे राहिले. गरज खरी होती. माणसे वाढली होती, छप्पर गळत होते, वासे उतरवून पुन्हा चढवणारे सुतार उरले नव्हते. नव्या मशिदीत पंखे आहेत, नळ आहेत, पावसात कुणी भिजत नाही. आम्हीही त्या ठरावांना हात वर केलेले लोक आहोत. पण शाळेच्या पडवीत त्या मुलांनी म्हातारी गाळली म्हणून आम्ही खिन्न झालो, आणि आपण तर माणसे तशीच ठेवून अख्खी वास्तू गाळली होती. तिचे ना चित्र काढले, ना मापे घेतली. पडलेली म्हणून तिचे चित्र निघाले असते तर तेवढे तरी हाती असते, असा उलटा विचारही मनात येऊन गेला.

जवळच्या एका गावात अशी मशीद उतरवली गेली त्याला आता पंचवीसएक वर्षे झाली असतील. तिची आठवण लिहायची म्हणून आम्ही छायाचित्र शोधत हिंडलो. घरोघरी पेट्या उघडल्या. मिळाले ते एकच, एका निकाहाच्या दिवशीचे. मधे शेरवानीतला नवरदेव, दोन्ही बाजूंना दाटीवाटीने पाहुणे, पुढे मांडी घालून बसलेली पोरे. मागे पडवीचे दोन खांब आणि दाराची चौकट. छप्पर वरच्या कडेला कापले गेले आहे. पायरीवर चपलांचा ढीग. आजवर पाहिलेल्या मशिदींच्या चित्रांत आम्हांला हे सर्वांत जास्त आवडते, हे मुद्दाम नोंदवतो.

त्या फोटोवरून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींवरून पूर्ण मशिदीचे रेखाटन करावे म्हणून चित्रे बऱ्यापैकी काढणाऱ्या एका मुलाला आम्ही बसवले. एका जुम्म्याला नमाजेनंतर चौघे वयस्क त्याच्याभोवती जमले. खांब सहा होते की आठ, इथेच पहिला अडसर आला. सहा म्हणणारे त्या खांबांना टेकून कुराण शिकले होते आणि आठ म्हणणारेही. मुलाने आधी सहा काढले, मग खोडून आठ केले. हौज दाराच्या उजवीकडे होता यावर मात्र एकमत झाले. कौले नळ्याची की मंगलोरी, हा प्रश्न पुढच्या जुम्म्यावर गेला. कागद सध्या त्या मुलाकडेच आहे.